मुलाखतीतील कोडी आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांनी दोनतीन विषयही सुचविले होते. मी म्हटले, "मला कोड्यांवर बोलू द्या." त्या हसल्या. हळदीकुंकवाला होतो तसा काही गमतीचा खेळ मी घेणार, असे त्यांना वाटले असावे. विषय गमतीचा आहे हे खरे. पण तो मला सुचला तो एका मुलीच्या रडण्यावरून.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारी खोली घेऊन राहणारी एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला गेली होती. पोर बी. एस्सी. झालेली. आईवडील धारूरच्या डोंगरपट्ट्यातले. दिवाळी झाली की बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला जाणारे. लहानपणी हीदेखील त्यांच्याबरोबर कारखान्यावर कोपीत राहिलेली. लेखी परीक्षा ती उत्तम रीतीने पास झाली. तोंडी मुलाखतीला समोर तिघे जण बसले होते. एकाने विचारले, "पुण्यात रिक्षा किती असतील?" ही गप्प. दुसऱ्याने तराजूचे एक कोडे घातले. ही गप्पच. दहा मिनिटांच्या आत सारे आटोपले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर येऊन बसली आणि डोळे पुशीत म्हणाली, "बाई, पुण्याला मी दुसऱ्यांदाच गेले होते. तिथल्या रिक्षा किती ते मला काय ठाऊक?"

मी चौतीस वर्षे गणित शिकविले. समजूत घालण्याची माझी रीत एकच, ती म्हणजे गणित घालणे. मी म्हटले, "बरे, रिक्षा राहू दे. एखादा कारखाना दिवसाला अडीच हजार टन ऊस गाळतो. त्याला ऊस पुरवायला फडात कोयते किती लागतील?"

ती लगेच म्हणाली, "एका कोयत्याचा दिवसाचा दोन टन धरा. म्हणजे साडेबाराशे कोयते. पण रोज सगळे कुठे येतात, बाई? कुणाला ताप, कुणाचं लेकरू आजारी. शंभरात दहा घरी राहिले असं धरलं, तर चौदाशेच्या आसपास कोयते पाहिजेत. अन् एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. म्हणजे अठ्ठावीसशे माणसं. हां, पण तोडणीचं मशीन आलं असंल तर हिशेब वेगळा."

तिला दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. तिने काय काय केले ते पाहा. ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ केला, सोपा आकडा धरला, भागाकार केला, मग व्यवहारात काय घडते ते आठवून उत्तर दुरुस्त केले, आणि शेवटी आपला हिशेब कोठे फसेल तेही सांगितले. रिक्षांचा प्रश्न याहून निराळा नव्हता! शहरात माणसे किती? समजा, चाळीस लाख. त्यांतील पाचात एक जण दिवसातून एकदा रिक्षात बसतो असे धरू. म्हणजे आठ लाख फेऱ्या झाल्या. एक रिक्षा दिवसाला दहा फेऱ्या करीत असेल, तर रिक्षा ऐंशी हजार. हा आकडा खरा की खोटा, याला तेथे फारसे महत्त्व नाही. तो कोठून आला हे सांगता येते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. एन्रिको फर्मी हे थोर शास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थ्यांना असेच अंदाज करावयास लावीत. 'शिकागो शहरात पियानो जुळविणारे कारागीर किती असतील?' हा त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला प्रश्न.

मी तिला विचारले, "मग तेथे गप्प का बसलीस?" ती म्हणाली, "उत्तर पक्कं ठाऊक नसताना बोलायचं कसं?"

भगिनींनो, ते ऐकून मी चपापले. कारण हे वाक्य माझेच होते. "जिला उत्तर पक्के येत असेल तिनेच हात वर करावा," असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. वर्गात शिस्त राहावी एवढाच माझा हेतू; पण किती मुलींचे अर्धे-मुर्धे विचार मी त्यामुळे तोंडातच अडविले, हे त्या दिवशी कळले.

आता थोडे कोड्यांविषयी. कोडी म्हणजे शहरी लोकांची मिरास, अशी आपली उगीच समजूत झाली आहे. मंगळागौरीच्या जागरणात आपल्या आज्या कोडी घालीत नव्हत्या काय? सूपभर लाह्यांमध्ये एकच रुपया दाखवून आकाशातले चंद्र-चांदणे ओळखावयास लावणाऱ्या बायका आपल्याच. आणखी मागे जायचे तर भास्कराचार्यांपाशी जाऊ. त्यांनी आपले गाव 'विज्जडविड' असे सांगितले आहे. काही अभ्यासकांच्या मते ते आपले बीड. काहींच्या मते चाळीसगावजवळचे पाटण, कारण त्यांच्या नातवाच्या वेळचा शिलालेख तेथे सापडला आहे. हा वाद विद्वानांना मिटवू द्या. पण इसवी सन ११५० मध्ये रचलेल्या त्यांच्या 'लीलावती' ग्रंथातील कितीतरी गणिते एका स्त्रीला उद्देशून घातली आहेत, याविषयी वाद नाही. ती त्यांची कन्या होती, तिचे लग्न घटिकापात्रात मोती पडल्यामुळे राहिले, ही कथा फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरामुळे सर्वत्र पसरली. ती दंतकथाच असेल. पण आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एका गणितज्ञाला स्त्रीसमोर कोडे ठेवावेसे वाटले, ही गोष्ट काही लहान नाही.

त्यातले भुंग्यांचे कोडे सांगते. एका थव्यातील पाचवा हिस्सा भुंगे कदंबावर गेले, तिसरा हिस्सा दुसऱ्या एका फुलावर. ह्या दोहोंतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडावर. आणि एकच भुंगा सुगंधाला भुलून हवेत घिरट्या घालीत राहिला. तर सारे भुंगे किती? थव्याचे पंधरा वाटे करू. पाचवा हिस्सा म्हणजे तीन वाटे, तिसरा हिस्सा म्हणजे पाच वाटे. फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा. उरला एक वाटा, आणि उरला एक भुंगा. म्हणजे भुंगे पंधरा. ह्यात अवघड काय होते? पहिले वाक्य ऐकून घाबरायचे नाही, एवढेच.

नोकरीसाठी आलेल्या माणसाला प्रश्नांनी घेरण्याची चालही बरीच जुनी आहे. विजेच्या दिव्याचे एडिसनसाहेब उमेदवारांपुढे सुमारे दीडशे प्रश्नांची यादी ठेवीत. १९२१ मध्ये वर्तमानपत्रांतून तिचा मोठा गवगवा झाला. ते प्रश्न माहितीचे असत. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आले असता कोणी त्यांना त्यातलाच ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला. पुस्तकात मिळणारी माहिती आपण डोक्यात वागवीत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे संगणकाच्या कंपन्या आल्या आणि माहितीची जागा कोड्यांनी घेतली. रस्त्यातल्या गटाराचे झाकण गोल का असते, हा मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतला म्हणून गाजलेला प्रश्न. गोल झाकण कसेही फिरविले तरी आपल्या तोंडातून खाली पडत नाही; चौकोनी झाकण मात्र तिरपे धरले की आत पडते. हे डब्याचे झाकण घासताना आपल्यालाही दिसले असते! आपल्याकडे शकुंतलादेवींचे १९७६ साली निघालेले कोड्यांचे इंग्रजी पुस्तक नोकरीच्या तयारीसाठी कित्येक मुलामुलींनी झिजविले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशा कोड्यांवरून माणसाची खरी पारख होते काय? गूगल कंपनीत नोकरभरतीचा कारभार पाहणारे लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की, असली कोडी विचारणे म्हणजे वेळेचा अपव्यय. त्यावरून पुढे काम कसे होईल हे कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण फार हुशार आहोत असे वाटते. मला हे पटते. ज्याने कोडे आधी ऐकले आहे तो हुशार ठरतो, आणि जिच्या घरी असले पुस्तक कधी आलेच नाही ती मंद ठरते, यात न्याय कोठला? म्हणून एखादे कोडे न सुटल्यामुळे मुलीने स्वतःला कमी लेखू नये. परंतु जोवर ही कोडी विचारली जात आहेत, तोवर ती आपल्या मुलींच्या कानांवरून गेलेली असावीत, हे आपल्या हाती आहे.

त्या मुलीला विचारलेले तराजूचे कोडे असे. सोन्याचे नऊ मणी आहेत, दिसायला हुबेहूब सारखे. त्यातला एक वजनाला किंचित हलका. तराजू आहे, पण वजने नाहीत. दोनदाच तोलून हलका मणी काढून दाखवायचा. आपल्यापैकी बहुतेकजणी चार इकडे, चार तिकडे घालतील. मीही प्रथम तेच केले होते. नववा मणी हलका असेल तर पारडी सारखी राहतील आणि काम झाले. पण नाही तर हलक्या बाजूचे चार मणी हातात उरतात, आणि एका तोलण्यात चारातून एक खात्रीने निघत नाही. मग काय करावे? तराजू किती गोष्टी सांगू शकतो, ते आधी मोजावे. डावे पारडे वर जाईल, उजवे वर जाईल, किंवा दोन्ही सारखी राहतील. तराजू तीन गोष्टी सांगतो, तर मण्यांचेही तीन वाटे करावे. तीन इकडे, तीन तिकडे, तीन खाली. जे पारडे वर गेले त्यातच हलका मणी. पारडी सारखी राहिली तर तो खालच्या तिघांत. त्या तिघांतले दोन पुन्हा तोलावे, एक खाली ठेवावा, की उत्तर हाती आले. जे साधन आपल्याला दिले आहे त्याला काय काय सांगता येते हे आधी विचारावे, हा ह्या कोड्याचा धडा.

दुसरे मापाचे. पाच लिटरचे आणि तीन लिटरचे, अशी दोन भांडी आहेत. बरोबर चार लिटर दूध मोजून द्यायचे. पाचाचे भरून तीनात ओतले. पाचात दोन उरले. तीनाचे भांडे पुन्हा कासंडीत रिकामे करून ते दोन त्यात घातले. पाचाचे पुन्हा भरले. तीनात आता एकाचीच जागा आहे. तेवढे ओतले की पाचात चार राहिले. ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

तिसरे कोडे आपल्या सर्वांना पाठ असेल. राक्षसभुवनला गोदावरीच्या काठी एक मनुष्य वाघ, शेळी आणि गवताची पेंढी घेऊन उभा आहे असे समजा. नावेत तो आणि एकच वस्तू मावते. तो जवळ नसला की वाघ शेळीला खाणार आणि शेळी गवताला. लांडगा, शेळी आणि कोबी यांचे असेच कोडे युरोपातील बाराशे वर्षांपूर्वीच्या एका लॅटिन संग्रहात आहे. प्रथम शेळी पलीकडे न्यावी, हे लहान मुलही सांगते. मग वाघ न्यावा. पण तेथे शेळी आहे! येथे सारे अडतात. उपाय एकच, वाघाला उतरवून शेळीला परत घेऊन यायचे. मग तिला अलीकडे ठेवून गवत न्यायचे, आणि सर्वांत शेवटी पुन्हा शेळी. सात खेपांत काम होते.

हे कोडे लोकांना का अडते, याचा मी पुष्कळ विचार केला. एकदा पार केलेली शेळी परत आणणे, हे मनाला पटतच नाही. झालेले काम मोडल्यासारखे वाटते. मुलाखतीतही असेच होते. मुलगी एका वाटेने निघते, मध्येच तिच्या लक्षात येते की वाट चुकली. मग ती शरमते आणि गप्प होते. तिने सरळ म्हणावे, "थांबा, माझे येथे चुकले, पुन्हा येथून धरते." ह्यात कमीपणा नाही. शेळी परत आणल्यावाचून नदी पार होत नाही.

आणखी एक लहानसे कोडे, तुमच्यासाठी. एका बाईकडे सतरा शेळ्या होत्या. नऊ सोडून बाकीच्या साथीत मेल्या. उरल्या किती? आठ म्हणालात ना? तीनचार जणी तरी म्हणालात! नऊ सोडून बाकीच्या मेल्या, म्हणजे उरल्या नऊ. येथे गणित नाहीच; नीट ऐकणे आहे. प्रश्न पुरता ऐकावा, शंका असेल तर परत विचारावा. कोडे आधीच ठाऊक असेल तर "हे मी ऐकले आहे" असे सांगून टाकावे. खोटा विचार केल्याचे सोंग आणू नये, ते चेहऱ्यावर दिसते.

लेखी परीक्षेची गोष्ट थोडी वेगळी. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत गणित, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी असते, आणि शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. २०२३ च्या तलाठी भरतीत शंभरापैकी पंचवीस प्रश्न बौद्धिक चाचणीचे होते. तेथे मोठ्याने विचार करता येत नाही. तेथे घड्याळ लावून सराव करावा, आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जावे. पण जेथे माणूस समोर बसलेला आहे, तेथे मौन हेच सर्वांत वाईट उत्तर. त्याला आपल्या डोक्यातले काही दिसत नाही. आपण बोलू तेवढेच दिसते.

आणि हे बोलणे कोठे शिकायचे? भगिनींनो, रागावू नका, पण हे मौन त्या मुलाखतीच्या खुर्चीवर निर्माण होत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात निर्माण होते. "मुलीच्या जातीने फार बोलू नये," "मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस," असे आपण बायकाच मुलींना सांगतो, आणि वर्गात माझ्यासारख्या शिक्षिका त्यावर शिक्का मारतात. मुलगा चुकीचे बोलला तर 'धीट आहे' म्हणून हसतो. मुलगी चुकीचे बोलली तर 'आगाऊ' म्हणून दटावतो. वीस वर्षे गप्प बसविलेल्या मुलीने एके दिवशी तीन अनोळखी माणसांपुढे आपले विचार मोकळेपणाने मांडावेत, ही अपेक्षा कशी पुरी व्हावी? २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ होत्या. साऱ्या महाराष्ट्रात तो आकडा सर्वांत कमी होता. जन्माला आलेल्या ह्या मुलींना निदान बोलू तरी द्यावे, एवढे ऋण आपल्यावर आहे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. तिला पैसा लागत नाही. महिन्यातली एक दुपार ठेवावी. गावातल्या नोकरी शोधणाऱ्या मुलींना बोलवावे. आपण तिघीतिघींनी समोर खुर्च्या टाकून बसावे आणि त्यांना कोडी घालावीत. उत्तर बरोबर आले की नाही ते नंतर पाहू. आधी मुलीने विचार करताना बोलत राहावे, एवढाच नियम. "मला उत्तर येत नाही, पण मी आरंभ असा करीन," हे वाक्य प्रत्येकीच्या तोंडी बसले पाहिजे. प्रश्न विचारायला शिकलेलीच बाई हवी असे नाही. लग्नाला दोनशे पाने जेवणार असतील तर डाळ किती भिजवावी, पोळ्या लाटायला बायका किती लागतील, हे जी तोंडी सांगते, तिला फर्मीसाहेबांचे शास्त्र अवगत आहे! ऊसतोडीच्या मुलींना त्यांच्याच फडातली, कोयत्याची, उचलीची गणिते घालावीत. आपल्याला ठाऊक असलेले ज्ञान हे ज्ञानच आहे, असा विश्वास एकदा बसला की पुण्याच्या रिक्षाही मोजता येतात.

माझ्या ओसरीवर आता दर रविवारी पाचसहा मुली जमतात. ती मुलगी त्यांत असतेच. गेल्या महिन्यात ती दुसऱ्या एका ठिकाणी मुलाखतीला जाऊन आली. नोकरी मिळाली नाही. पण ह्या वेळी ती रडत आली नाही. दारातूनच म्हणाली, "बाई, उत्तर चुकलं. पण मी शेवटपर्यंत बोलले. मध्ये एकदा शेळी परतसुद्धा आणली!"

नोकरी तिला आज ना उद्या मिळेल. मला विचाराल तर तिने नदीची निम्मी खेप केली आहे. उरलेल्या खेपेला तिला आणि तिच्यासारख्या इतर मुलींना आपल्या मंडळाने हात द्यावा, अशी विनंती करते.